हवेची वाट

अँबॅसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन ज्यांनी कधी खोललेलं पाहिलंय, त्यांना तिचं बिडाचं हेड आठवत असेल. रॉकर काढून, नट सोडवून, दोघांनी मिळून उचललेलं ते जड धूड बाकावर उलटं ठेवलं की काजळीने काळे पडलेले चार खळगे दिसतात. मेकॅनिक ते खरवडतो, व्हॉल्व्ह घासून बसवतो, नवं गॅस्केट घालून हेड परत चढवतो. खळग्यांचा आकार सहसा कोणी निरखत नाही. तो गोल नसतो, लांबटही नसतो. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध बिडाची एक चोच पुढे आलेली असते आणि तिच्यामुळे खळगा पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो.

ती चोच उगाच ठेवलेली नाही. 1489 सीसीचं हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसीच्या बी-सीरिज घराण्यातलं. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने ते अँबॅसेडरला बसवलं आणि पुढची कित्येक वर्षं आपल्याकडचे मंत्री, कलेक्टर, टॅक्सीवाले आणि लग्नाची वऱ्हाडं त्याच्या जोरावर फिरली. याच इंजिनाचं जास्त चलाख रूप इंग्लंडात एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये धावत होतं. बदामी खळग्याची कल्पना हॅरी वेस्लेक या इंग्रज माणसाची. इंजिनाच्या हेडमधून हवा कशी जाते हे ज्याने आयुष्यभर मोजलं, तो हा माणूस. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंजिनाची ताकद पेट्रोलमध्ये असते असं आपण धरून चालतो. पण पेट्रोल आत सोडणं सोपं आहे, खरी अडचण हवेची. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे 9 हजार लिटर हवा लागते. ती हवा कोणी आत कोंबत नाही. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमधला दाब उतरतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब तिला आत ढकलतो, एवढंच. मिनिटाला 6 हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनला वरून खाली यायला सेकंदाचा दोनशेवा भाग मिळतो. तेवढ्यात कार्ब्युरेटरमधून निघालेली हवा मॅनिफोल्ड ओलांडून हेडमधल्या पोर्टात शिरते, व्हॉल्व्हच्या गाइडला आणि दांडीला वळसा घालते आणि व्हॉल्व्ह व सीट यांच्यामधल्या काही मिलिमीटरच्या फटीतून सिलिंडरमध्ये उतरते. वाटेत कुठेही ती अडखळली तर सिलिंडर अर्धवट भरतो. अर्धवट भरलेल्या सिलिंडरचा स्फोटही अर्धवटच.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांना हे सुरुवातीपासून ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी आणि नंतर ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर गाड्या पळवणारे मेकॅनिक हेड उतरवत, पोर्टात कानस घालत, ओतकामातले उंचवटे काढत, आणि मग पॉलिश पेपर घेऊन तासन्‌तास घासत बसत. पोर्ट आरशासारखं चमकलं की काम झालं असं मानायची रीत होती. भोक मोठं म्हणजे हवा जास्त, हा त्यामागचा हिशेब. कधी तो जुळायचा, कधी घासून घासून मोठं केलेलं हेड कारखान्यातून आलेल्या हेडपेक्षाही मंद पळायचं. असं का होतं हे सांगायला कोणाकडे आकडा नव्हता.

हॅरी वेस्लेकचा जन्म 1897चा, नैर्ऋत्य इंग्लंडातल्या एक्सेटर शहरातला. त्याचे वडील तिथल्या गॅसमीटर बनवणाऱ्या कारखान्यात होते. घरोघरी नळाने पोचणारा गॅस किती वापरला गेला हे मोजणारी ती यंत्रं. नळीतून वाहणारा वायू दिसत नाही, हातात धरता येत नाही, तरी त्याचा चोख हिशेब ठेवता येतो, ही गोष्ट या मुलाला लहानपणापासून साधी वाटत आली. तरुणपणी त्याने वेक्स नावाचा कार्ब्युरेटर तयार केला. चांगला कार्ब्युरेटर लावूनही काही इंजिनं सुधारत नाहीत हे दिसल्यावर त्याचं लक्ष कार्ब्युरेटरच्या पलीकडे, हेडकडे गेलं. 1920च्या दशकात बेंटलीसारख्या कंपनीने त्याच्याकडून काम करून घेतलं ते या नव्या नजरेसाठी.

त्याची रीत ऐकायला अगदी साधी आहे. हेड इंजिनावरून काढायचं. पोर्टातून पंपाने ठरावीक दाबाच्या फरकाने हवा ओढायची. व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, किती हवा गेली ते मोजायचं. आणखी थोडा उघडायचा, परत मोजायचं. मग पोर्टाचा आकार जरासा बदलायचा आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा. इंजिन सुरू न करता, पेट्रोलचा थेंबही न जाळता, कोणत्या बदलाने फायदा झाला आणि कोणत्याने तोटा, हे कागदावर उतरू लागलं. आज फ्लो बेंच नावाचं हे यंत्र रेसिंगच्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये दिसतं. त्या काळी इंजिन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांतही तसं मोजणारे फार थोडे होते. वेस्लेकने पुढे अनेक नामांकित इंजिनांना हात लावला, पण माझ्या लेखी त्याचं सर्वांत मोठं काम हे मोजमापच.

मोजायला लागल्यावर जुने समज गळून पडले. पोर्ट सगळीकडे सारखं रुंद करून उपयोग नसतो, कारण अडथळा बहुतेक वेळा एका जागी असतो: व्हॉल्व्हच्या अगदी खाली, जिथे पोर्ट वळतं. घाटात वेगाने आलेली गाडी जशी वळणावर बाहेरच्या कठड्याकडे फेकली जाते, तशी हवाही आतलं वळण सोडून बाहेरच्या भिंतीला चिकटते. आतल्या वळणाशी भोवरे तयार होतात आणि व्हॉल्व्हची ती बाजू जवळजवळ निकामी होते. भोक कितीही मोठं केलं तरी अर्धा व्हॉल्व्हच काम करतो. आतलं वळण थोडं सैल, गोलसर केलं की हवा दोन्हीकडून उतरू लागते. काही ठिकाणी तर बीड काढण्याऐवजी भर घालावी लागते. आजही हे काम करणारे लोक पोर्टात मूर्तिकामाच्या मातीसारखी चिकणमाती दाबून आकार बदलून बघतात, हवा मोजतात, आणि पटलं तरच मग ग्राइंडर हातात घेतात.

पोर्ट गरजेपेक्षा मोठं झालं की हवेचा वेग पडतो. वेग पडला की पेट्रोलचे थेंब हवेबरोबर तरंगत राहत नाहीत, भिंतीला लागून ओघळतात. म्हणूनच आरशासारखी चमक हा गुण नाही. इनटेक पोर्टाची भिंत जराशी खरखरीत राहिलेली बरी, असंच पुढच्या पिढीतले जाणकार सांगू लागले. सीटचा मुख्य कोन 45 अंशांचा ठेवून त्याच्या वर आणि खाली वेगळ्या कोनांची बारीक कड काढली तर पोर्टाला हात न लावताही हवा वाढते, हेही मोजल्यावरच कळलं.

या ज्ञानाची पहिली मोठी परीक्षा 1935 साली झाली. कॉव्हेंट्रीच्या एसएस कार्सचा मालक विल्यम लायन्स देखण्या गाड्या बनवायचा, पण इंजिन स्टँडर्ड कंपनीचं, साइड-व्हॉल्व्ह. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये उभे असत. हवा खालून वर यायची, हेडखाली आडवी सरकायची आणि मग सिलिंडरमध्ये पडायची. अशा इंजिनातही हवेची घुसळण घडवून जळण सुधारता येतं हे हॅरी रिकार्डो या दुसऱ्या इंग्रजाने 1919च्या सुमारास दाखवून दिलं होतं, पण हवेच्या त्या तीन वळणांवर उपाय नव्हता. लायन्सच्या गाड्या दिसतात तशा पळत नाहीत, अशी कुजबुज होती आणि ती त्याला झोंबत होती.

वेस्लेकने 2.7 लिटरच्या त्या सहा सिलिंडरी इंजिनासाठी नवं हेड आखलं. व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून सिलिंडरच्या डोक्यावर आणले. लायन्सने 95 अश्वशक्तीची अट घातली होती आणि वेस्लेकने त्याहून जास्त दिली, असं सांगतात. सुमारे 70 अश्वशक्तीचं इंजिन शंभरी ओलांडून गेलं, ब्लॉक तोच आणि क्षमता तीच असताना. त्या सप्टेंबरात लंडनच्या मेफेअर हॉटेलात लायन्सने विक्रेत्यांना बोलावलं, नवी गाडी दाखवली आणि किंमत ओळखायला सांगितलं. अंदाजांची सरासरी आली 632 पौंड. खरी किंमत होती 385. गाडीचं नाव एसएस जग्वार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एसएस ही अक्षरं गेली आणि जग्वार तेवढं राहिलं.

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत असताना लायन्स आणि त्याचे अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली यांच्यावर कारखान्यात रात्री आगीसाठी पहारा देण्याची पाळी असे. त्या जागरणांत त्यांनी युद्धानंतरच्या इंजिनाचा आराखडा ठरवला. हेडचं काम अर्थातच वेस्लेककडे गेलं. 1948च्या लंडन मोटर शोमध्ये एक्सके 120 या गाडीत ते इंजिन लोकांसमोर आलं: 3442 सीसी, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट, आणि अर्धगोल खळग्यात एकमेकांपासून 70 अंश कललेले व्हॉल्व्ह. इनटेक पोर्टाला वेस्लेकने मुद्दाम बाक दिला होता, म्हणजे हवा सिलिंडरमध्ये सरळ न पडता गिरकी घेत उतरेल. गिरकीमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण एकजीव होतं आणि ठिणगी पडल्यावर ज्योत झपाट्याने पसरते. 160 अश्वशक्ती ही त्या काळच्या विकायच्या गाडीसाठी इतकी मोठी होती की पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही. मग मे 1949 मध्ये बेल्जियममधल्या याब्बेके इथल्या सरळ रस्त्यावर पत्रकारांसमक्ष गाडी ताशी 132 मैलांच्या वर पळवून दाखवावी लागली. 1951 ते 1957 या काळात जग्वारने ल मांची 24 तासांची शर्यत पाच वेळा जिंकली, पाचही वेळा याच इंजिनावर. त्याचं उत्पादन थांबलं 1992 साली.

1950च्या दशकात आणखी एक माणूस याच वाटेने चालला होता, त्याचा उल्लेख राहून जायला नको. लिओ कुझ्मिकी हा पोलंडचा. युद्धानंतर इंग्लंडात राहिलेला, ज्वलनाचा अभ्यास केलेला. बर्मिंगहॅमच्या नॉर्टन मोटरसायकल कारखान्यात तो झाडलोट करायच्या कामावर लागला होता आणि योगायोगाने त्याचं ज्ञान उघडकीला आलं, अशी गोष्ट सांगितली जाते. नॉर्टनच्या सिंगल सिलिंडर रेसिंग इंजिनांना त्याच्या कामाने नवी उमेद दिली. पुढे टोनी व्हँडरव्हेल या उद्योगपतीने व्हॅनवॉल ही ग्रां प्री गाडी बनवली तेव्हा तिच्या चार सिलिंडरांवर नॉर्टनच्या हेडचीच विद्या होती. त्या हेडवर कुझ्मिकीने काम केलं आणि वेस्लेकनेही. 1958 साली फॉर्म्युला वनमध्ये संघांसाठी पहिल्यांदाच अजिंक्यपद ठेवलं गेलं, ते व्हॅनवॉलने मिळवलं.

पण हवेचं हे ज्ञान सामान्य माणसाच्या गाडीत उतरलं ते ए-सीरिज इंजिनातून, आणि मला त्याचीच कहाणी जास्त ओढते. 1951 साली ऑस्टिन ए-30 या छोट्या गाडीसाठी 803 सीसीचं हे इंजिन आलं. अश्वशक्ती 28. स्वस्तात बनवायचं, म्हणून कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, पुशरॉड हेडच्या एका बाजूने वर, आणि इनटेक-एक्झॉस्टची सगळी पोर्टंही त्याच बाजूला. जागा इतकी चिंचोळी की चार सिलिंडरांना चार इनटेक पोर्टं बसेनात. मग एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरांत एक पोर्ट, तीन आणि चारमध्ये दुसरं. एक्झॉस्टला तीन, त्यातलं मधलं दोघांत वाटून. एकूण पाच. अँबॅसेडरच्या बी-सीरिज हेडची मांडणीही हीच. हेड उभं धरून मॅनिफोल्डच्या बाजूने पाहिलं तर ही पाच तोंडं एका ओळीत दिसतात.

दोन सिलिंडरांत एक पोर्ट म्हणजे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरने हवा ओढली की लगेच पाठोपाठ एक नंबर ओढतो, आणि मग जवळजवळ एक फेरा ते पोर्ट गप्प पडून राहतं. दोन नंबरला थांबलेली हवा नव्याने हलवावी लागते. ती वेगात येते न येते तोच शेजारचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तीच हवा आपल्याकडे खेचतो. एकाच्या वाट्याची हवा दुसऱ्याने पळवायची, आणि हे मिनिटाला हजारो वेळा. असं हेड कागदावर बघून कोणीही नाक मुरडलं असतं. वेस्लेकने याच मर्यादेत बदामी खळगा दिला. व्हॉल्व्हमधली ती चोच येणाऱ्या मिश्रणाला तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून दूर ठेवते आणि गिरकी देऊन स्पार्क प्लगकडे वळवते. त्यामुळे स्वस्त पेट्रोलवर, कमी खर्चात, हे इंजिन समाधानाने चालायचं. भारतातल्या पेट्रोलवर अँबॅसेडर जी अनेक वर्षं निमूटपणे चालली, त्यात या खळग्याचा वाटा होता असं मला वाटतं.

1959 साली मिनी आली. 848 सीसी, 34 अश्वशक्ती, ताशी सत्तरच्या थोडं पुढे मैल. गृहिणींनी आणि कारकुनांनी चालवायची गाडी. पण वळणावर ती रस्ता असा धरून ठेवायची की चालवणाऱ्याला इंजिन कमी पडतंय हे पहिल्याच दिवशी कळायचं. विल्टशर परगण्यात सॉल्झबरीजवळ डाउनटन नावाचं गाव आहे. तिथे डॅनियल रिचमंड आणि त्याची बायको बंटी यांचं एक वर्कशॉप होतं, जुन्या उंची गाड्या दुरुस्त करणारं. रिचमंडने मिनीचं हेड उतरवलं आणि त्यात अडकला तो कायमचा.

डाउनटनमधलं काम हाताचं होतं. हातातल्या ग्राइंडरला कार्बाइडचं टोक लावायचं आणि पोर्टाच्या तोंडातून आत जायचं. डोळ्यांना फारसं दिसत नाही, बोटाने चाचपून कळतं. व्हॉल्व्ह गाइडभोवतीचा फुगवटा उतरवायचा, दोन सिलिंडरांमधली जी भिंत हवा दुभागते तिचं टोक बारीक करायचं, आतलं वळण गोलसर करायचं. बदामाची चोच मागे छाटायची, पण सगळी नाही, कारण सगळी काढली की गिरकी मरते. बिडाच्या पलीकडे लगेच कूलिंगचं पाणी खेळत असतं. हेड ओतताना साच्यातला कोअर मिलिमीटरभर जरी सरकला असेल तरी एका बाजूची भिंत पातळ निघते, आणि ग्राइंडर पार गेला तर अख्खं हेड भंगारात. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्र्यांत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शेवटी हेड उलटं ठेवून खळग्यावर पारदर्शक पट्टी बसवायची, तिच्या बारीक भोकातून ब्युरेटने तेल सोडायचं आणि चारही खळग्यांत सारखंच तेल मावतं का ते पाहायचं. एकात अर्धा सीसी कमी मावला तर तिथलं बीड आणखी थोडं काढायचं. एकेका हेडवर कुशल माणसाचे दिवस जायचे.

डाउनटनचं हेड आणि त्याला साजेसा कार्ब्युरेटर लावलेल्या मिन्या ताशी 100 मैलांच्या उंबरठ्यावर जाऊ लागल्या. ऐपतवाल्या गिऱ्हाइकांची रीघ लागली. मोठेपणा असा की बीएमसीने या खेड्यातल्या माणसाकडे तुच्छतेने पाहिलं नाही, त्याला सल्लागार म्हणून घेतलं. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरच्या आग्रहाने 1961 साली मिनी कूपर आली, 1963 साली 1071 सीसीची कूपर एस. जानेवारी 1964 मध्ये पॅडी हॉपकर्कने त्या छोट्या गाडीत मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून माँटे कार्लो रॅली जिंकली. 1965 आणि 1967 सालीही विजय मिनीचाच. डाउनटनमध्ये हात बसलेली माणसं पुढे बाहेर पडली. हंगेरीतून आलेल्या यान ओडोरने सॉल्झबरीत यानस्पीड ही स्वतःची कंपनी काढली. इंग्लंडात हेडचं काम हा एक स्वतंत्र धंदा झाला तो या लोकांमुळे.

आपल्याकडे हा धंदा त्या प्रमाणात उभा राहिला नाही. मद्रासजवळच्या शोलावरम विमानपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यांत अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड धावायच्या. परदेशी सुटे भाग आणायची सोय जवळपास नव्हती, त्यामुळे वेग काढायचा तर आहे त्याच बिडातून. हेडचं फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवणं, पोर्ट घासणं, व्हॉल्व्ह बदलणं, हे सगळं गल्लीतल्या लेथवर आणि हाताच्या अंदाजाने चालायचं. फ्लो बेंच असता तर त्या हातांनी काय केलं असतं, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. कारण अँबॅसेडरमध्ये आणि एमजीएमध्ये बीड एकाच जातीचं होतं, खळगा एकच होता.

तिकडे इंग्लंडात वेस्लेक तोवर सत्तरीला टेकला होता. ससेक्समधल्या राय या लहानशा गावात त्याची प्रयोगशाळा होती. 1966 साली फॉर्म्युला वनमध्ये 3 लिटरची इंजिनं आली आणि अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नी स्वतःची गाडी बनवायची जिद्द घेऊन त्याच्याकडे आला. ऑब्री वुड्स या आरेखकाने बारा सिलिंडरांचं व्ही-12 आखलं, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि त्यांतला कोन अवघा 30 अंशांचा. जग्वारच्या 70 अंशांपासून हा प्रवास फार लांबचा. व्हॉल्व्ह जितके उभे, तितका खळगा उथळ आणि पोर्ट सरळ उभं, म्हणजे हवेला वळण कमी. 18 जून 1967 रोजी बेल्जियममधल्या स्पा इथे गर्नीने आपल्या निळ्या ईगल गाडीत ग्रां प्री जिंकली, ताशी सुमारे 235 किलोमीटरच्या सरासरीने. अमेरिकन ड्रायव्हरने स्वतः उभारलेल्या गाडीत फॉर्म्युला वनची ग्रां प्री जिंकल्याचं उदाहरण त्याआधी नव्हतं आणि त्यानंतरही घडलं नाही. एकच आठवडा आधी त्याने ए. जे. फॉइटबरोबर ल मांही जिंकली होती.

हे इंजिन पुढे जिंकत राहायला हवं होतं, पण तसं झालं नाही. रायमधली यंत्रं जुनाट होती. दोन इंजिनांचे भाग एकमेकांना बसत नसत, एका इंजिनाची ताकद दुसऱ्याशी जुळत नसे आणि गाडी पुन्हा पुन्हा शर्यत अर्ध्यावर सोडायची. स्पाच्या दोनच आठवडे आधी, 4 जूनला, हॉलंडमधल्या झांडफोर्टला जिम क्लार्कने लोटस गाडीत एका नव्या व्ही-8 इंजिनावर विजय मिळवला होता. तेही चार व्हॉल्व्हचं, कोन 32 अंशांचा. कीथ डकवर्थने आखलेलं, फोर्डच्या 1 लाख पौंडांवर उभं राहिलेलं कॉसवर्थ डीएफव्ही. हवेची समज दोन्ही हेडमध्ये होती. फरक होता तो एकसारखं, मोजून-मापून, पुन्हा पुन्हा तेच बनवण्यात. डीएफव्हीने पुढच्या सोळा वर्षांत 155 ग्रां प्री जिंकल्या. ज्या माणसाने हवा मोजायला शिकवलं त्याच्याच कारखान्यात भागांची मापं जुळू नयेत, हे वाचताना आजही मन चरकतं.

तरी वेस्लेकचं हेड हरलं नव्हतं. गर्नीसाठीच फोर्डच्या छोट्या व्ही-8 इंजिनाला त्याने नवी हेड केली होती. 1968 साली पेद्रो रॉद्रिगेझ आणि लुसिएन बियांकी यांनी, आणि 1969 साली जॅकी इक्स व जॅकी ऑलिव्हर यांनी फोर्ड जीटी 40 गाडीतून ल मां जिंकली. दोन्ही वेळा गाडी एकच, चॅसी क्रमांक 1075, आणि इंजिनावर हेड गर्नी-वेस्लेकची. 1969 साली 24 तासांनंतर दुसऱ्या आलेल्या पोर्शपासून तिचं अंतर शंभरएक मीटरचं होतं.

आयुष्याच्या अखेरीला हा माणूस वळला स्पीडवेकडे. मातीचा लंबगोल ट्रॅक, ब्रेक नसलेली मोटरसायकल, 500 सीसीचा एकच सिलिंडर आणि मिथेनॉलचं इंधन. त्या खेळात चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची दोन व्हॉल्व्हची इंजिनं राज्य करत होती. ज्या कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरला आपली जावा आणि मग येझदी तयार झाली, तीच ही कंपनी. रायमधून 1970च्या दशकाच्या मध्यावर चार व्हॉल्व्हचं वेस्लेक इंजिन बाहेर पडलं आणि 1976 साली पीटर कॉलिन्स त्यावर बसून जगज्जेता झाला. जावालाही आपलं चार व्हॉल्व्हचं इंजिन काढावं लागलं. वेस्लेक 1978 साली गेला. तोवर स्पीडवेच्या जागतिक स्पर्धांत दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाचे दिवस संपले होते.